भामरे सरांचा शड्डू

निवडणुका आल्या की सकाळचा पेपर वाचणं मला तापाचं होतं. अमक्याने तमक्याविरुद्ध शड्डू ठोकला. या वॉर्डात तिघांनी शड्डू ठोकले. शड्डू ठोकलेल्या बंडखोराने अखेर अर्ज मागे घेतला. हे शेवटचं वाचलं की माझा हात लाल पेन शोधायला लागतो. नवरा म्हणतो, "रिटायर झालीस ना, आता तरी पेपर तपासणं सोड." त्याला काय सांगणार? मी गणित-विज्ञानाची बाई. मराठीशी माझा संबंध किराणाच्या यादीपुरता. हा रोग मला लागला तो भामरे सरांकडून, आणि त्यावर औषध नाही.

आमची शाळा नाशिकला इंदिरानगरच्या पलीकडे, अंबडला जाणाऱ्या रस्त्यालगत होती. अर्धी मुलं कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्यांची, अर्धी आजूबाजूच्या मळ्यांतली, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या घरांतली. मी तिथे लागले तेव्हा भामरे सर मराठी शिकवत होतेच. नामपूरचा माणूस. तरुणपणी तिकडच्या जत्रांत कुस्त्या केलेल्या. पण पैलवान म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं त्यांच्याकडे काही नव्हतं. अंगाने बेताचे, आवाजाने मऊ, पांढरा फुल शर्ट, बाह्या कधी दुमडायच्या नाहीत. खूण म्हणून एक डावा कान तेवढा होता. मोडून मोडून तो सुकलेल्या जर्दाळूसारखा झाला होता. नवीन आलेली मुलं पहिले आठ दिवस तो कानच बघत बसायची. सर बघू द्यायचे. नवव्या दिवशी म्हणायचे, "झाला पाहून? आता फळ्याकडे बघा."

डब्यात रोज एक अख्खा कांदा. तो सुरीने कापायचा नाही, डब्याच्या झाकणावर ठेवून मुठीने फोडायचा. "सुरी लावली की कांदा रागावतो," असं त्यांचं म्हणणं. तो नामपूरचाच असायचा, कुणीतरी येणाराजाणारा पोत्याने आणून टाकायचा. आम्ही बायका नाक मुरडायचो, खिडक्या उघडायचो, एकदा तर मी हेडसरांकडे लेखी तक्रार करायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या डब्याशेजारी फोडलेला अर्धा कांदा आणून ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. तक्रार राहिली. कांदा गोड होता.

माझा आणि त्यांचा वर्ग शेजारी, मधे पत्र्याचं पार्टिशन. त्यामुळे मी मराठी किती शिकले असेन याचा हिशेबच नाही. 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा' हा तुम्हाला-आम्हाला माहीत असलेला दोन गुणांचा प्रश्न. एक गुण अर्थाला, एक वाक्याला. बाकीचे शिक्षक तो पंधरा मिनिटांत उरकतात. सर त्यावर आठवडा काढायचे. त्यातून लढाईचा, कुस्तीचा वाक्प्रचार आला की मग विचारूच नका.

"शड्डू ठोकणे. अर्थ सांग."

"आव्हान देणे, सर."

"अर्धं उत्तर. अर्धा गुण. शड्डू कुठे ठोकतात?"

"मांडीवर, सर."

"अरे, पण उभं कुठे राहून?"

 मग सरांचा मऊ आवाज पत्र्यातून यायचा. "घरी आरशापुढे मांडी बडवली तर तो शड्डू नाही, ते डास मारणं झालं. आधी आखाड्यात उतरायचं. माती अंगाला लावायची. समोर माणूस पाहिजे, त्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि मग ठोकायचा. एकदा ठोकला की कुस्ती होईपर्यंत बाहेर निघायचं नाही. पडलास तरी चालेल, पडण्यात काही लाज नाही. निघायचं नाही. म्हणून पूर्ण अर्थ काय लिहायचा? आव्हान देणे आणि शेवटपर्यंत जागा न सोडणे. आता वाक्य."

"मावळ्यांनी शत्रूसमोर शड्डू ठोकला."

"तू होतास तिथे?"

"नाही सर. गाईडात आहे."

"गाईडवाला होता?"

वर्ग हसायचा. सरांचा नियमच होता, वाक्य आपल्या घरातलं पाहिजे, आपण डोळ्यांनी पाहिलेलं. मग कुणीतरी धीर करून म्हणायचं, "आमच्या मम्मीने गॅसच्या गाडीपुढे शड्डू ठोकला." यावर सरांचा ठरलेला प्रश्न, थेट नामपूरच्या अहिराणीत: "मंग काय व्हयनं?" म्हणजे, मग काय झालं? "मग सर, ती गाडीपुढून हललीच नाही. दोन तास. सिलिंडर घेऊनच घरी आली." आणि सर म्हणायचे, "बस. आता झालं वाक्य."

हे 'मंग काय व्हयनं' शाळाभर झालं होतं. मुलं एकमेकांना तेच विचारायची. माझ्या तासाला रासायनिक अभिक्रिया फळ्यावर अर्धी लिहून झाली की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारायचं, आणि मी डस्टर फेकायचे.

या घरातल्या वाक्यांनी भानगडीही व्हायच्या. एकदा एक बाप तावातावाने आला, कंपनीचा युनिफॉर्म अंगावर, मुलाची वही हातात. "सर, हे काय लिहून घेताय? 'पाठ दाखवणे. माझी आत्या आली की माझे बाबा पाठ दाखवतात.' कॉलनीतली पोरं वह्या वाचतात एकमेकांच्या. माझी काय इज्जत राहिली?"

सरांनी वही घेतली, शांतपणे वाचली. "वाक्य बरोबर आहे की चूक, तेवढं सांगा. चूक असेल तर आत्ता गुण कापतो."

त्या माणसाने वही परत घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आत्या म्हणजे माझी मोठी बहीण. तुम्ही भेटला नाहीत तिला." सरांनी चहा मागवला. जाताना दोघं गेटपर्यंत गप्पा मारत गेले.

पेपरचंही तसंच. स्टाफरूममध्ये पेपर आधी सरांच्या हातात पडायचा आणि आमच्याकडे येईपर्यंत त्यावर लाल गोल झालेले असायचे. 'तलवार म्यान केली', 'दोन हात केले', 'चारी मुंड्या चीत केले', प्रत्येकाशेजारी बरोबर किंवा चूक. शड्डू ठोकून अर्ज मागे घेणाऱ्याच्या बातमीवर त्यांनी समासात लिहिलं होतं, 'वाक्य चूक. हा आखाड्यात उतरलाच नव्हता.' आम्ही हसायचो. मी तर जास्तच. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, आणि सरांना चिडवणं हा माझा मधल्या सुट्टीतला कार्यक्रम होता.

त्या जिभेनेच घात केला.

शहाण्णव सालची गोष्ट. दिवाळीआधी बोर्डाचे फॉर्म भरायचे असतात, त्याची सभा होती. हेडसरांनी दहावी 'ड' मधल्या सात जणांची नावं वाचली. "ही मुलं काठावरसुद्धा नाहीत. यांना सतरा नंबर भरायला सांगू या." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचा. कच्च्या पोरांना तो भरायला लावला की ती शाळेच्या निकालात मोजली जात नाहीत. खोटं कशाला बोलू, मलाही त्यात फार वावगं वाटत नव्हतं. हेडसर वाईट माणूस नव्हते, निकालाच्या काळजीने त्यांची झोप उडालेली असायची.

भामरे सर म्हणाले, "ती माझ्या वर्गातली पोरं आहेत. एकदा बाहेरून बस म्हटलं की पोराला कळतं काय कळायचं ते. ते परत येत नाही."

"पण जबाबदारी कोण घेणार, सर?"

"घेऊ की आपण."

"आपण म्हणजे कोण?"

असं बराच वेळ चाललं. सहा वाजत आले होते. माझा मुलगा पाळणाघरात होता, आणि इतिवृत्त लिहायचं काम नेमकं माझ्याकडे. मी वैतागून वही आपटली आणि म्हणाले, "मग सर, ठोका ना एकदाचा शड्डू. आम्ही सुटू."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, टेबलाला वळसा घालून मोकळ्या जागेत आले, हेडसरांसमोर उभे राहिले. आणि त्या बेताच्या माणसाने मांडीवर असा हात मारला की शिपाई बाहेरून धावत आला, त्याला वाटलं कपाट पडलं. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं अर्थ सांगत होते, ठोकून कधी दाखवला नव्हता.

"सातही जण शाळेतून बसतील," ते म्हणाले, "आणि सातही जण मराठीत पास होतील. एक जरी पडला तर जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा रिकामी होते, ती मी घेणार नाही. मॅडम, लिहून घ्या."

"अहो सर, हे कशाला लिहायचं?" हेडसर म्हणाले.

"लिहा मॅडम."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत आहे ते अजून. पर्यवेक्षकपद ज्येष्ठतेने सरांचंच होतं. नामपूरला त्यांच्या म्हाताऱ्या आईने ते गावभर सांगूनही ठेवलं होतं. आणि सरांच्या खालोखाल ज्येष्ठतेत मी होते. हे त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी सातला व्हरांड्यात त्या सात जणांचा वर्ग सुरू झाला. गणिताला मला ओढलं. "तुम्हीच ठोकायला सांगितला," एवढंच बोलले सर. त्या सातांत मंगल होती. पाथर्डीच्या पुढे त्यांचा मळा, शेवंती आणि झेंडू. पहाटे आईबरोबर फुलबाजारात जायची आणि तिथून परस्पर शाळेत. बोटं झेंडूने पिवळी, डोळे तारवटलेले. वाचायला लावलं की अडखळायची. पण लिहायला बसली की उठायची नाही. शब्द शुद्ध नसायचे, र्‍हस्वदीर्घाचा तर आनंदच, पण घरातलं वाक्य तिच्यासारखं कुणाला जमत नव्हतं. सर तिची वही आम्हाला वाचून दाखवायचे. "ऐका. 'कंबर कसणे. आईने कंबर कसली आणि वाफे भरले, मग तिची कंबर दोन दिवस दुखली.' बघा, पुढचंही लिहिते ही." सरांचा जीव त्या सातांवर होता, आणि मंगलवर कांकणभर जास्त. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "जे चांगलं येतं ते आधी लिहा. धीर येतो."

निकाल लागला. सहा जण पास. मंगल गणितात अडतीस, इंग्रजीत पस्तीस, बाकी सगळ्यांत पास. मराठीत चोवीस.

सर गुणपत्रिका हातात धरून उभेच राहिले. मंगल आणि तिची आई पायरीशी उभ्या होत्या. आईच्या हातात गजऱ्यांची पुडी होती, बाईंना द्यायला आणलेली.

"मंगल, मराठीत काय झालं गं?" सरांनी विचारलं.

"वेळ पुरला नाही, सर."

"काय राहिलं?"

"निबंध राहिला. पत्र राहिलं. उताऱ्याचं थोडं केलं. धड्यांचं थोडं."

"मग तीन तास लिहिलंस काय?"

"वाक्प्रचार सर. तुम्ही म्हणाला होता ना, येतं ते आधी. शड्डू ठोकणे आला होता."

"किती लिहिलंस?"

"साडेसात पानं."

मी मधेच ओरडले, "दोन गुणांना? अगं, साडेसात पानं?"

मंगल माझ्याकडे न बघता सरांना सांगत होती. तिने आईवर लिहिलं होतं. काका मळ्यात येऊन म्हणाला, पोरीची शाळा बंद करा, स्थळ आलंय. आई त्याच्यासमोर उभी राहिली, म्हणाली, दहावी झाल्याशिवाय नाही. "एवढ्यावर थांबले असते सर, तर ते अर्धं उत्तर झालं असतं. मंग काय व्हयनं ते लिहायला पाहिजे ना. काकाने विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर काढून नेला. शेवंती वाळायला लागली. आईने चार दिवस बादलीने पाणी शेंदून सगळे वाफे भरले. हाताची सालं निघाली. पाचव्या दिवशी काकाने स्वतः येऊन स्टार्टर बसवला. ते सगळं लिहिलं. एकेक वाफा लिहिला."

तिची आई खाली मान घालून पदराच्या टोकाशी चाळा करत होती. आपल्यावर साडेसात पानं लिहिली गेली हे तिला तेव्हाच कळलं असणार. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, आता मला नाही हो थांबवता यायचं. दहावी झाल्याशिवाय नाही असं म्हटलं होतं मी. दहावी झाली आता, पास नाय झाली तरी."

त्या दोघी गेल्यावर सर पायरीवर बसले. त्यांना पायरीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "त्या बाईने मोटरीवाचून मळा भिजवला," ते म्हणाले, "आणि तिची पाठ मी टेकवली. माझ्याच डावाने."

मला रडू आलं. मी आत निघून गेले.

महिन्याभरात मंगलचं लग्न झालं, ओझरच्या बाजूला एका द्राक्षबागवाल्याच्या घरात. आणि हेडसरांनी सरांना बोलावून सांगितलं, झालं ते झालं, सहा पास झाले हाच चमत्कार आहे, सही करा आणि पर्यवेक्षकाचा चार्ज घ्या. सर म्हणाले, इतिवृत्त काढा. हेडसर म्हणाले, "अहो, ती बोलण्याची पद्धत असते." सर म्हणाले, "असेल. मला ती कधी जमली नाही."

तेव्हा ती जागा मला मिळाली.

मी नको म्हणाले का? म्हणाले, दोन वेळा. तिसऱ्या वेळी घेतली. ती मला हवी होती, हे आता लपवून काय करू? पहिल्या दिवशी मी स्टाफरूममध्ये शिरले तर भामरे सर उठून उभे राहिले. बारा वर्षं ज्या माणसाला मी चिडवत होते, तो माझ्यासाठी उभा राहिला, आणि त्यात टोमणा नव्हता. रजेचा अर्ज द्यायचे तो 'मा. पर्यवेक्षिका यांस' असा, अक्षर छापल्यासारखं. त्यांच्या घरी गेले एकदा, तर काकूंनी चहा पुढ्यात ठेवून सांगितलं, "बाई, तुमना राग नही माले. या माणूसनं काही खरं नही. सासू इचारस, साहेब कधी व्हशी, तर हाऊ म्हणस, कुस्ती चालू शे अजून." म्हणजे साहेब कधी होणार असं सासूबाईंनी विचारलं, की हा म्हणतो, कुस्ती अजून चालू आहे. सर गॅलरीत पेपर वाचत होते. ऐकू येत होतं, पण मान वर केली नाही.

मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. की त्या सभेत मी नुसती गंमत केली होती, मला घरी जायची घाई होती. कितीदा तोंडाशी आलं. एकदा केबिनमध्ये दार लोटून सुरुवातही केली, "सर, त्या दिवशी..." तर ते म्हणाले, "मॅडम, खडूंचे बॉक्स संपलेत, दोन मागवा." मी मागवले.

दर दिवाळीच्या सुट्टीत सर एसटीने ओझरला जायचे. सोबत दहावीचं मराठीचं पुस्तक. मंगलची सासू खमकी बाई होती. पहिल्या वर्षी चहा दिला. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "सर, हिला आता पास होऊन काय करायचंय? घड मोजायला दहावी लागत नाय." सर म्हणाले, "तिचं नाही, माझं राहिलंय." सासूला त्यातलं काही कळलं नाही, पण म्हातारा भला आहे एवढं कळलं. तिसऱ्या, चौथ्या वर्षी तेच. सर निवृत्त झाले तरी जाणं चालू राहिलं. मला हे सगळं मंगलच्या आईकडून कळायचं, ती शाळेच्या कोपऱ्यावर फुलं घेऊन बसायची. मग कधीतरी मंगलच्या सासरच्या वस्तीवर अंगणवाडी मंजूर झाली आणि सेविकेच्या जागेला दहावी पास हवी होती. सासूने स्वतः मुलाकरवी नाशिकला निरोप धाडला, त्या कानवाल्या सरांना बोलवा.

मंगल त्या खेपेला पास झाली, मराठीत एकोणपन्नास. हे आधीच सांगून टाकते, कारण निकालापर्यंत सर नाशकात थांबले नाहीत, मे महिन्यातच घर आवरून नामपूरला राहायला गेले. मी फोन केला तर काकूंनी घेतला. सर शेतात होते. "सांगस त्यास्ले," म्हणाल्या, सांगते त्यांना. त्यानंतर माझी त्यांची भेट नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या परीक्षेच्या दिवशी.

दोन हजार चारचा मार्च. आमच्या शाळेत केंद्र होतं आणि मी केंद्रसंचालक. अकराच्या पेपराला पाच-दहा मिनिटं असताना गेटवर मंगल दिसली, सहावारी साडीत, हातात पट्टी आणि दोन पेनं. शेजारी भामरे सर, खांद्यावर मंगलची वर्ष-दीड वर्षाची मुलगी, दुसऱ्या खांद्याला पिशवी.

"द्राक्षाची तोड चालू आहे, घरात कोणी मोकळं नाही," सर म्हणाले. "हिला आत घ्या मॅडम. पोर माझ्याकडे राहील."

"तुम्हीही आत या सर. ऑफिसात बसा, पंखा आहे."

"पेपर चालू असताना बाहेरच्या माणसाला आत येता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

मी वर गेले. पेपर वाटले, सह्या झाल्या. जिन्याच्या खिडकीतून गेट दिसायचं. पहिला तास ते पोरीला रस्त्याने येरझारा घालत दाखवत होते, ही बस, ही म्हैस. दुसऱ्या तासाला पोर रडायला लागली. सर तिच्याशी काहीतरी बोलत होते, बहुधा अहिराणीत, आणि तिला आपला मोडका कान धरू देत होते. मग ती झोपली. ऊन चढलं होतं. मी शिपायाबरोबर खुर्ची पाठवली, ती परत आली.

दीड वाजता मीच खाली गेले. सर गेटबाहेर कडुनिंबाच्या सावलीत उभे होते. सावली तरी कसली, चार पानं होती.

"बसा की हो सर थोडं. वय काय आपलं?"

"बसलं की उठते ही. तीनदा करून पाहिलं. उभं राहिलेलं चालतं तिला."

मी तिथेच उभी राहिले. वर सगळा शुकशुकाट होता. आणि सात वर्षं सांगायचं राहिलेलं ते एकदम बाहेर आलं. "सर, त्या दिवशी सभेत मी गंमत केली होती हो. मुलाला आणायला उशीर होत होता म्हणून बोलले. तुम्ही खरंच ठोकाल असं मला वाटलं नव्हतं."

सरांनी पोरीचं झबलं नीट केलं. "ते मला तेव्हाच कळलं होतं, मॅडम."

"मग?"

"तुम्ही गंमत केलीत," ते म्हणाले. "मी नव्हती केली."

रागाचा लवलेश नव्हता.  मी नुसती पदराने पोरीच्या तोंडावरचं ऊन अडवत उभी राहिले, आणि ते त्यांनी करू दिलं.

दोन वाजता घंटा झाली. मुलं ओरडत बाहेर आली, सायकली निघाल्या, गेट रिकामं झालं तरी मंगल नाही. सर जिन्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी कधी इतका घाबरलेला पाहिला नव्हता. शेवटी ती आली, बोटांना शाई लागलेली, धापा टाकत.

"सगळे प्रश्न लिहिले, सर. एकही सोडला नाही."

 त्यांनी झोपलेली मुलगी तिच्या हातात दिली. तीन तास एकाच जागी दुमडलेला त्यांचा हात तसाच दुमडलेला राहिला, सरळ होईना. ते ओशाळं हसले, दुसऱ्या हाताने कोपरापासून चोळून चोळून त्यांनी तो सरळ केला, आणि मंगलची पिशवी उचलून तिच्या मागोमाग बसस्टॉपकडे चालू लागले.